हुग्गी न खाल्लेला माणूस

आमच्या भागातल्या जुन्या माणसांपुढं लशीचा डबा उघडला की ती आधी डाव्या दंडावरची बाही वर सारतात. तिथं दोन गोल वण असतात. "आमच्या देवी काढल्यात की वो बाई, लहानपणीच," असं म्हणायचं आणि बाही खाली. विषय संपला. तुळजापूर ज्या जिल्ह्यात आहे तिथं देवीचं नाव निघाल्यावर पुढं काय बोलणार? देवीचा रोग जगातून कधीचाच गेला. पण ती एक लस माणसांच्या मनात अशी ठाण मांडून बसली की आता आयुष्यभर दुसरी नको, असाच समज. धाराशिव जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून मी तीसएक वर्षं काढली, त्यातली निम्मी या दोन वणांशी भांडण्यात गेली.

करोनाच्या वेळी मी ईट गावाच्या बाजूला होते. तिथल्या सत्तरीच्या एक आजी म्हणाल्या, टोचायचंच असेल तर या वणावर टोचा, आत जायची वाट तिथूनच आहे. मी म्हटलं, वणावर टोचत नसतात. तशा त्या पिशवी उचलून चालू लागल्या. शेवटी वणाच्या बोटभर खाली सुई लावली आणि वाट तीच आहे असं ठोकून दिलं. दुसऱ्या डोसाला आजी गल्लीतल्या चार बायका घेऊन हजर. चौघींनी दंडावर वणाखाली बोट आडवं धरून मला जागा दाखवली.

मोठ्या माणसाला कसली लस, हे शिकलेली माणसंही विचारतात, म्हणून थोडं सांगून टाकते. धनुर्वाताची लस दर दहा वर्षांनी घ्यायची असते. आमच्याकडं तिची आठवण कोयता लागल्यावर होते. हल्ली त्याच सुईत घटसर्पाचीही लस असते आणि गरोदर बाईला ती आम्ही देतोच. वय झालेल्यांनी, साखर, दमा, हृदयाचं दुखणं असलेल्यांनी फ्लूची दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून घ्यावी. ज्यांचा रक्ताशी संबंध येतो त्यांनी 'ब' प्रकारच्या काविळीची. माझी स्वतःची काविळीची तीन इंजेक्शनं नोकरीला लागल्यावर बारा वर्षांनी पूर्ण झाली, कारण तोवर मी दुसऱ्यांना उपदेश करण्यात गुंतले होते. धनुर्वाताची आणि कुत्रं चावल्यावरची लस सरकारी दवाखान्यात फुकट असते, बाकीच्या बऱ्याचशा खासगीत घ्याव्या लागतात. आपल्याला कोणती हवी, हे जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन विचारायचं. एवढं सोपं आहे, पण विचारत कुणी नाही.

या कामाचं मला नवल वाटायचं, ते कधी कमी झालं नाही. त्या बाटलीत चमचाभरही औषध नसतं. ते अंगात गेल्यावर काय होतं, हे मी पाठ केलेलं आहे: मेलेला जंतू शरीराला दाखवायचा, शरीर त्याचा तोंडवळा लक्षात ठेवतं आणि खरा आला की त्याला गाठतं. शाळा न बघितलेल्या माणसाचं रक्तसुद्धा हा धडा दोन-चार खेपांत शिकतं. पाठ असलं तरी मला ते कळलंय असं मी म्हणणार नाही. आणि जे थोडंफार कळलं, ते गुरुलिंग आप्पांमुळं.

नोकरीची शेवटची चार वर्षं मी ढोकीकडच्या एका उपकेंद्रात होते. गावाचं नाव सांगत नाही. चूक माझी आहे, गावाला त्यात कशाला ओढू? सगळा उसाचा पट्टा. तोडणीच्या दिवसांत जनावरांना वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, हाच चारा. त्या गावात गुरुलिंग आप्पा हे पासष्टीचे शेतकरी होते. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, अंगानं काटक. जनावराचं दुखणं त्यांना हाताला कळायचं. अडलेली गाय सोडवायची, फुगलेल्या बैलाचं पोट उतरवायचं, आणि वाढ्याबरोबर उसाचं कांडकं घशात अडकलं तर कोपरापर्यंत हात घालून काढायचं, ही त्यांची कामं. जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत आप्पांनी निम्मं काम उरकलेलं असायचं, आणि डॉक्टरही ते कबूल करायचे.

गावात एका घरी नातवाचं बारसं होतं, सोमवारी. त्या घरची दुभती गाय शनिवारपासून चारा खाईना. तोंडातून लाळेच्या तारा लोंबायच्या, मान ताणून घोगरं हंबरायची, गिळायला जायची आणि गिळवायचं नाही. कांडकं अडकलं, असं सगळ्यांनाच वाटलं. रविवारी आप्पांना बोलावलं. त्यांनी दोनदा हात घातला, कांडकं लागलं नाही. खाली सरकलं असेल, म्हणाले. पाटाच्या पाण्यात हात बुचकळला, धोतराला पुसला आणि घरी गेले. सोमवारी बारसं झालं. मंगळवारी गाय मेली. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला शेवटच्या घटकेला बघितलं आणि सगळी लक्षणं विचारून सांगितलं की गाय पिसाळलेली होती. मग घरच्यांना आठवलं, महिन्याभरापूर्वी एक कुत्रं गोठ्यात शिरून तिच्या पायाला झोंबलं होतं.

आता बारशाला जेवण होतं हुग्गीचं. हुग्गी म्हणजे कांडून कोंडा काढलेल्या गव्हाची गुळातली खीर. आमच्याकडं लिंगायत घरातलं कार्य हुग्गीवाचून होत नाही, आणि वाटीत हुग्गी पडली की वरून दूध हवंच. त्या दुधात या गाईचंही दूध होतं. बुधवारी सकाळी मी उपकेंद्राचं कुलूप काढायच्या आत सगळं गाव ओट्यावर. सत्तर-ऐंशी माणसं तरी असतील. कुणाला मळमळत होतं, कुणाला आदल्या रात्रीपासून आपण भुंकणार असं वाटत होतं. एकानं तीन वाट्या खाल्ल्या म्हणून तीन इंजेक्शनं मागितली.

मी आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, गाईच्या संपर्कात कोण कोण आलं त्याची यादी करा, मी दुपारपर्यंत पोचते. संपर्क हा त्यांचा शब्द. पण माझ्यासमोर सगळं गाव हुग्गी हुग्गी करून ओरडत होतं, आणि मी त्या शब्दाचा अर्थ हुग्गी असाच लावला. वही काढली आणि येईल त्याला एकच विचारत सुटले, हुग्गी खाल्ली का?

रांग लावायला आप्पाच उभे होते. म्हाताऱ्यांना सावलीत बसवत होते, घुसणाऱ्यांना दम देत होते. त्यांच्या हजेरीनं मला बरं वाटलं. मी त्यांनाही विचारलं.

"म्या न्हाय," ते म्हणाले. "सोमवार हुता."

आप्पा सोमवार कडक धरायचे. उपवासाला गहू चालत नाही, म्हणून बारशाला गेले, बाळाला आशीर्वाद दिला आणि नुसते परत आले. हुग्गीला शिवले नाहीत, दुधालाही नाहीत.

"मग तुम्ही मोकळे, आप्पा," मी म्हटलं आणि पुढच्याचं नाव विचारलं. इतक्या वर्षांत मी चुकीचं असं बरंच बोलले असेन, पण एवढं चुकीचं दुसरं काही बोलले नाही.

दुपारी मॅडम आल्या. त्यांनी ओट्यावर उभं राहून समजावलं की दूध तापवलं की हे विष मरतं, हुग्गी खाल्लेल्या कुणालाही इंजेक्शनाची गरज नाही, निश्चिंत घरी जा. कच्चं दूध कुणी प्यालं का, तेही विचारलं. कुणी प्यालं नव्हतं. लोक निश्चिंत व्हायच्या ऐवजी नाराज झाले. एवढा वेळ उन्हात उभं राहून रिकाम्या दंडानं परत जायचं त्यांना पटेना. कुरकुरत गर्दी पांगली. मी वहीचं पान फाडून टाकावं की ठेवावं या विचारात होते, तेवढ्यात ओट्याच्या पायरीवर बसलेली एक म्हातारी आपलं सहज म्हणाली, "गाय मोप गुणाची हुती वो. आप्पानं लई जीव लावला. खांद्यापतूर हात घातला तिच्या तोंडात, पर हाताला लागली न्हाय बिचारी."

हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. मॅडमनी माझ्याकडं बघितलं.

बाहेरच्यांना कळावं म्हणून सांगते. हा रोग जनावराच्या लाळेत असतो. लाळ जखमेला लागली की तो नसांच्या वाटेनं डोक्याकडं चालायला लागतो. कधी त्याला काही आठवडे लागतात, कधी महिने. तो वाटेत आहे तोवर लस त्याला अडवते. डोक्यात पोचला आणि लक्षणं दिसली की मग जगातल्या कुठल्याही दवाखान्यात इलाज नाही. त्या गाईच्या घशात काही अडकलेलं नव्हतं. घसाच बंद पडत होता. आणि त्या लाळेत आप्पांनी ऊस सोलून, पाचट ओढून चिरा पडलेली दहा बोटांतली पाच दोनदा बुडवली होती. सगळ्या गावात हुग्गी न खाल्लेला हा माणूस, आणि खरा धोका कुणाला असेल तर त्यालाच.

आप्पा नळाखाली रिकामे तांबे विसळत होते. मी जाऊन त्यांचा उजवा हात धरला आणि उलटा केला. तर्जनीवर, अंगठ्याच्या बेचक्यात चिरा. मनगटाजवळ गाईच्या दातानं खरवडलेलं, खपली धरलेलं. मी म्हटलं, आप्पा, आत्ताच्या आत्ता धाराशिवला मोठ्या दवाखान्यात जायचं.

ते हसले. "सकाळी तुमीच म्हनलाव, मोकळे म्हनून. म्या हुग्गी खाल्ली न्हाय."

मी सांगितलं, हुग्गीचं सोडा, हाताचं बोलतेय. ते म्हणाले, हा हात आजवर किती गाईंच्या तोंडात गेला असेल याची गणती नाही, हाताला काही झालं नाही. मी रोगाचं नाव घेतलं, तसा त्यांचा चेहरा बदलला. त्यात भीती नव्हती. राग होता.

"म्हंजी जनावर पिसाळल्यालं मला वळखू आलं न्हाय, आसं म्हनायचंय का तुमाला?"

तेव्हा कळलं, घोडं कुठं पेंड खातंय. हा माणूस मरणाला भीत नव्हता. गावानं ज्या हातावर विश्वास टाकला त्या हाताला कांडकं आणि मरण यांतला फरक कळला नाही, हे त्याला चारचौघांत कबूल करायचं नव्हतं. सुई घेतली की ते कबूल केल्यासारखं होणार होतं. ओट्यावर अजून दहा-पंधरा माणसं होती, सगळी आमच्याकडं बघत होती. मी तोंडानं फटकळ म्हणून प्रसिद्ध. चूक झाली तरी आवाज चढवून निभावून न्यायची मला सवय. पण त्या दिवशी तो आवाज निघेना.

"आप्पा, तुम्हाला गाय ओळखू आली नाही, ते एक वेळ राहू द्या," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "मला तुम्ही ओळखू आला नाहीत. माझं काम ते, पगार घेते त्याचा. सकाळपासून ऐंशी माणसांना मी चुकीचा प्रश्न विचारत बसले, आणि ज्याला विचारायला पाहिजे त्याला माझ्या तोंडानं मोकळं केलं. चूक माझी आहे. तुम्ही आला नाहीत तर ती मला जन्मभर पुरेल."

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. आप्पांनी हात उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाले, "साबन कुटं हाय?"

पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली मी तो हात धुतला. उशीर झाला होता, तरी धुतला. गाईला धरणारे घरचे दोघं होते, लाळ त्यांच्याही अंगावर उडाली होती. त्यांनाही घेतलं आणि मॅडमच्या गाडीतून निघालो.

लशीच्या सुया दोन्ही दंडांत झाल्या, त्याचं आप्पांना काही वाटलं नाही. पण अशा जखमेला नुसती लस पुरत नाही. लशीनं शरीर तयार व्हायला काही दिवस लागतात, तोवर आयती कुमक द्यावी लागते. तिला सिरम म्हणतात, आणि ते थेट जखमेच्या जागी, बोटांच्या चिरांत टोचतात. फार दुखतं. आप्पांनी बाटलीकडं बोट करून विचारलं, हे कशाचं? मी सांगितलं, घोड्याचं. घोड्याला ही लस पुन्हा पुन्हा देतात, त्याच्या रक्तात रोगाशी लढणारा अंश तयार होतो, तो वेगळा काढून माणसाला देतात.

आप्पा उठून बसले. आयुष्यभर त्यांनी जनावरांना औषध दिलं होतं, जनावर आपल्याला देतंय हे पहिल्यांदाच ऐकत होते.

"घोड्याच्या रगतातनं?"

"व्हय आप्पा."

"आन् घोडं? ते मरतं का काय?"

मी म्हटलं, नाही मरत, थोडंथोडं रक्त काढतात, चारापाणी करतात, घोडा जगतो. मग ते पुन्हा आडवे झाले. डाव्या हातानं गळ्यातलं लिंग धरलं, उजवा हात डॉक्टरांपुढं केला आणि म्हणाले, "त्यानं मला कुटं बगितलंय? आन् माज्यासाटी रगात दिलं." सुई बोटाच्या पेरात शिरली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते दुखण्याचं होतं की घोड्याचं, मला सांगता येणार नाही. मी कितीदा ती बाटली हाताळली होती, तिच्यामागं उभा असलेला घोडा मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला.

पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. लोक पहिली सुई घेतात आणि बरं वाटतंय म्हणून पुढच्या बुडवतात, तिथंच घात होतो. सातव्या दिवशी आप्पा अणदूरला लेकीकडं जाणार होते. मी कार्ड त्यांच्या कोपरीच्या खिशात घातलं आणि सांगितलं, तिथल्या सरकारी दवाखान्यात हे दाखवा, कुठंही मिळतं, फक्त दिवस चुकवू नका. त्या दिवशी लेकीच्या फोनवर मी तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी आप्पांनीच उचलला आणि टोचून झालं, आता जेवू द्या, म्हणाले.

अठ्ठाविसाव्या दिवशी ते आरोग्य केंद्रात आले, बरोबर शांताकाकू, त्यांच्या कारभारीण. शेवटची सुई मीच दिली. मॅडमनी सांगितलं, सगळे डोस वेळेवर झाले, आता काळजी नाही. मीही तेच म्हटलं. पण गेला महिनाभर मी रोज मनात दिवस मोजत होते, हे त्यांना सांगितलं नाही.

आप्पा म्हणाले, "म्हंजी वाचलो का?"

"वाचलात."

"आन् टोचलं नसतं तर मेलोच असतो?"

"ते सांगता यायचं नाही, आप्पा. कदाचित काहीच झालं नसतं. ते आता कुणालाच कळणार नाही."

ते हळूच म्हणाले, "लई मोटं काम हाय हे, बाई. झाल्यालं दिसतच न्हाय."

मी कार्डावर सही करत होते. शांताकाकू टेबलाजवळ आल्या आणि दबक्या आवाजात मला विचारलं, "बाई, मग आता ह्यांच्या पान्याकडं बगायचं सोडू का?"

मला आधी उमगलं नाही. त्यांनी सांगितलं ते असं. पिसाळलेलं जनावर चावलेला माणूस पाण्याला भितो, पाणी बघितलं की त्याचा घसा आवळतो, हे त्यांनी लहानपणी ऐकलेलं होतं. त्यामुळं त्या दिवसापासून पहाटे उठल्यापासून त्या घटकाघटकाला तांब्या भरून आप्पांपुढं धरत होत्या, आणि शेवटचा घोट खाली उतरेपर्यंत घशाकडं बघत उभ्या राहत होत्या. आप्पांना त्यांनी यातलं अक्षर सांगितलं नव्हतं.

आप्पांनी ऐकलं होतं. ते बायकोकडं वळले.

"मला वाटलं बाईनीच सांगितलंय, लई पानी प्यायचं म्हनून," ते म्हणाले. "रातीचं चार चार येळा उटतोय म्या."

शांताकाकूंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, कळेना. कोपऱ्यात माठ होता. आप्पा उठले, पेला भरला, आणि काकूंच्या समोर येऊन उभे राहिले, बघ म्हणून. काकूंनी बघितलं नाही. त्या खाली वाकून पिशवी आवरू लागल्या, म्हणाल्या, "प्या की सावकाश. एसटीला अजून टाइम हाय."